वेगवर्धक अडकतो तेव्हा : चालकाचे कर्तव्य आणि समाजाचे उत्तरदायित्व

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांमधून भीमा वाहते. नदीने हे तालुके वेगळे केले असले, तरी रस्त्यांनी ते जोडले आहेत. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, दौंडमधून पुणे-सोलापूर महामार्ग जातो आणि न्हावरे ते चौफुला हा रस्ता या दोहोंना सांधतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात. कुरकुंभच्या वसाहतीत रसायनांचे टँकर ये-जा करतात. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा साखर कारखान्यांकडे निघतात. याच रस्त्यांवरून शाळेची मुले, आठवडे बाजाराला निघालेली माणसे आणि दुचाकीवरील कामगारही जात असतात.

अशा भागात वाहन चालकाच्या ताब्यातून सुटणे ही एका कुटुंबापुरती आपत्ती राहत नाही. वाहन सुटण्याच्या अनेक कारणांपैकी एकाचा विचार येथे करावयाचा आहे. ते कारण म्हणजे वेगवर्धक, अर्थात ॲक्सिलरेटर, अडकणे. आपल्याकडील चालक याला ‘रेस अडकली’ असे म्हणतात. हा प्रसंग क्वचितच येतो. परंतु आला म्हणजे विचार करण्यास वेळ उरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंद गोंधळात गेले, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून या प्रसंगी काय करावे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे.

वेगवर्धक का अडकतो?

जुन्या गाड्यांमध्ये वेगवर्धकाचे पेडल एका तारेने इंजिनाला जोडलेले असते. पाय उचलला की एक स्प्रिंग पेडलला पूर्वस्थितीत आणते. तार गंजली, तिचे धागे तुटून आवरणात अडकले, धूळ आणि वंगण यांचा चिकट थर साचला किंवा स्प्रिंग तुटली, म्हणजे पाय उचलूनही इंजिनाचा वेग कमी होत नाही. नव्या गाड्यांमध्ये तारेऐवजी संवेदक असतात. पेडल किती दाबले आहे याची माहिती ते विजेच्या संकेताने नियंत्रण-यंत्रणेला देतात. एका संवेदकात बिघाड झाला तर तो ओळखता यावा, यासाठी सामान्यतः दोन संवेदक बसवितात.

अनेकदा कारण याहून साधे असते. मूळ पायपोसावर दुसरा जाड रबरी पायपोस टाकला जातो. तो पुढे सरकून पेडलवर चढतो. आसनाखालून घरंगळलेली पाण्याची बाटली पेडलच्या खाली किंवा मागे जाऊन बसते. चिखलाने माखलेली चप्पल निसटते. आणखी एक कारण मनुष्यस्वभावातच आहे. घाबरलेला चालक ब्रेक समजून वेगवर्धकच दाबतो, आणि गाडी थांबत नाही असे पाहून तो आणखी जोराने दाबतो. आपला पाय ब्रेकवरच होता, असे त्याला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटत असते.

त्या काही क्षणांत काय करावे?

पहिली गोष्ट : पाय पूर्णपणे उचलावा आणि पुन्हा ब्रेकवर नेमका ठेवावा. पाय चुकून वेगवर्धकावर पडला असेल, तर एवढ्यानेच संकट टळते.

दुसरी गोष्ट : ब्रेक एकदाच, सर्व शक्तीनिशी दाबावा आणि दाबून धरावा. तो पुनःपुन्हा दाबू-सोडू नये. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारी शक्ती इंजिनातील निर्वातातून मिळते. वेगवर्धक पूर्ण उघडा असताना हा निर्वात जवळजवळ निर्माण होत नाही. साठ्यातील निर्वात एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता असतो. तो संपला की पेडल दगडासारखे कठीण होते आणि चालकाला ‘ब्रेक फेल’ झाल्याचा भास होतो.

तिसरी गोष्ट : इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडावा. साध्या गिअरच्या गाडीत क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा ‘डी’वरून ‘एन’वर ढकलावा. इंजिन या वेळी मोठ्याने ओरडू लागते. त्याने घाबरून जाऊ नये. इंजिनाची हानी परवडते, माणसाची परवडत नाही.

चौथी गोष्ट : गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, गाडी पूर्ण थांबल्यावर हातब्रेक ओढावा आणि मगच इंजिन बंद करावे.

न्यूट्रल पडतच नसेल, तर मात्र चालत्या गाडीतच इंजिन बंद करावे लागते. किल्ली एक टप्पा मागे फिरवावी. ती बाहेर काढू नये, कारण किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूप बसते. बटनाच्या गाडीत बटन काही सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ दाबावे लागते. आपल्या गाडीची नेमकी रीत पुस्तिकेत पाहून ठेवावी. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते, हेही ध्यानात असावे. कोणत्याही परिस्थितीत पेडल सोडविण्यासाठी चालत्या गाडीत खाली वाकू नये.

इतर वाहनांसंबंधी

मोटारसायकलची मूठ अडकल्यास क्लच दाबावा आणि मुठीजवळील इंजिन बंद करण्याचे बटन वापरावे. ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबून हाताने चालविण्याचा वेगवर्धक मागे घ्यावा आणि इंजिन बंद करण्याचा नॉब ओढावा. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र असतात. शेतात ते उपयोगी पडतात. परंतु रस्त्यावर येताना दोन्ही पेडले खिळीने एकत्र जोडलीच पाहिजेत. तसे न केल्यास घाईत एकच पेडल दाबले जाऊन भरलेली ट्रॉली उलटण्याचा धोका असतो. हवेच्या ब्रेकच्या मालमोटारीतही ब्रेक वारंवार दाबल्याने टाकीतील हवेचा दाब उतरतो. म्हणून तेथेही तोच नियम लागू होतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वेगवर्धक अडकल्यावर न्यूट्रल करणे हा आपत्कालीन उपाय आहे. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे ही घातक सवय आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची वार्ता पसरली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्यात आली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आले.

दोष यंत्राचा की पायाचा?

अपघातानंतर गावात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘गाडीच सदोष होती.’ दुसरा म्हणतो, ‘चालक स्वतःची चूक गाडीवर ढकलतो आहे.’ दोन्ही पक्ष बहुधा गाडी न पाहताच बोलत असतात. जगातील दोन प्रकरणे या बाबतीत उद्बोधक आहेत.

अमेरिकेत १९८६ साली ऑडी कंपनीच्या ‘५०००’ या गाडीबद्दल ती आपोआप वेग घेते, अशा तक्रारी दूरचित्रवाणीवर गाजल्या. लोकांनी त्यांवर विश्वास ठेवला. कंपनीची तेथील वार्षिक विक्री १९८५ मधील सुमारे ७४ हजारांवरून १९९१ मध्ये सुमारे १२ हजारांवर आली. १९८९ साली तेथील शासकीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या अभ्यासाने मात्र असा निष्कर्ष काढला की, अशा बहुसंख्य घटनांत चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला होता. येथे समाजाने तपासाआधीच विश्वास ठेवला होता. तरीही या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा ‘पार्क’मधून हलू नये, अशी रचना स्वयंचलित गाड्यांत रूढ झाली.

दुसरे प्रकरण याच्या उलट आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेक्सस गाडीच्या अपघातात एकाच कुटुंबातील चार जण मृत्युमुखी पडले. गाडी चालविणारे गृहस्थ महामार्ग पोलीस दलातील प्रशिक्षित अधिकारी होते. दुसऱ्या नमुन्याच्या गाडीचा पायपोस या गाडीत टाकला गेला होता आणि पेडल त्यात अडकले होते. पुढे पायपोस आणि चिकटणारी पेडले या दोन कारणांसाठी टोयोटा कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेविषयीही संशय होता. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या अभियंत्यांनी तिची तपासणी केली. फेब्रुवारी २०११ मधील अहवालात अशा घटनांचे इलेक्ट्रॉनिक कारण आढळल्याचे नमूद नाही, दोन यांत्रिक दोष मात्र मान्य करण्यात आले. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली कंपनीने १२० कोटी डॉलरचा दंड स्वीकारला. सर्वच तक्रारी चालकांच्या चुका म्हणून बाजूला सारल्या असत्या, तर हे दोष तसेच राहिले असते.

आपल्या राज्यातील उदाहरण ९ डिसेंबर २०२४ चे आहे. मुंबईत कुर्ला येथे बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. आरंभी सात जणांचा बळी गेला आणि उपचारांदरम्यान ही संख्या वाढली. ब्रेक निकामी झाल्याचे प्रथम सांगण्यात आले. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक पाहणीत ब्रेक चालू स्थितीत आढळले आणि क्लच नसलेल्या मोठ्या बसचा चालकाला पुरेसा सराव नव्हता, हा प्रश्न ऐरणीवर आला. चालकाचा पाय चुकला असे मानले, तरी त्याला पुरेशा सरावाशिवाय त्या आसनावर कोणी बसविले, हा प्रश्न उरतोच. पायाची चूक सिद्ध झाली म्हणजे इतरांची जबाबदारी संपली, असे होत नाही.

पुरावा आणि कायदा

निर्णय तपासणीने व्हावा, यासाठी गाडी आहे त्या स्थितीत राहणे आवश्यक आहे. जखमींना मदत करणे हे पहिले कर्तव्य. त्यानंतर पायपोस, पेडल, बाटली, तार यांपैकी काहीही हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. गाडी परस्पर दुरुस्तीला देऊ नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३६ अन्वये अपघातग्रस्त वाहनाची अधिकृत अधिकाऱ्याकडून तपासणी होते. अनेक नव्या गाड्यांत एअरबॅगच्या नियंत्रण-पेटीत धडकेपूर्वीच्या काही सेकंदांची नोंद राहते. त्या वेळी ब्रेक दाबला होता की वेगवर्धक, हे तीवरून कळू शकते.

निर्मितीतील दोषाबाबत २०१९ च्या दुरुस्तीने याच अधिनियमात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते अंमलात आहे. वाहनाच्या दोषामुळे चालक, प्रवासी वा रस्त्यावरील इतरांना धोका असेल आणि विहित प्रमाणात मालकांनी तक्रारी केल्या असतील, तर केंद्र शासन तशी वाहने परत बोलाविण्याचा आदेश कंपनीला देऊ शकते. म्हणून एकट्या मालकाची नोंदही व्यर्थ नसते. अनेक नोंदी मिळूनच दोष उघड होतो. तक्रार कंपनीकडे लेखी करावी, पोच घ्यावी आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवरही नोंदवावी. नुकसानभरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला टेम्पो वा ट्रॅक्टर यालाही हे संरक्षण आहे. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

हंगामाच्या आरंभी ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात येतात. तेथे वेगवर्धकाची स्प्रिंग, तार आणि ब्रेकच्या पेडलांची खिळ एवढ्या तीन गोष्टींची पाहणी करण्यास प्रत्येक वाहनामागे काही मिनिटे पुरतात. दोरीने किंवा रबराने बांधलेली स्प्रिंग दिसली, तर ती तेथेच बदलावी. ग्रामपंचायतीने बाजारतळाचे मोकळे मैदान एखाद्या सकाळी सरावासाठी द्यावे. तेथे जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, बैलगाडीच्या वेगाने जाणारी गाडी न्यूट्रल करून थांबविण्याचा सराव नवशिक्यांकडून करून घ्यावा. शिक्षकांनी शाळेच्या वाहनांतील चालकाच्या पायाजवळची जागा दररोज रिकामी असल्याची खात्री करावी. दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या तेथे कधीही ठेवू देऊ नयेत. निर्वाताचा साठा ब्रेक दाबल्यावर कसा संपतो, हा तर विज्ञानाच्या तासाला शिकविण्याजोगा विषय आहे.

अपघाताची वार्ता गावात आली, म्हणजे सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांच्या शब्दाला वजन असते. ‘चालक खोटे बोलतो’ किंवा ‘कंपनीने फसविले’ असे कोणी म्हणू लागले, तर ‘गाडीची तपासणी झाली काय?’ हा एकच प्रश्न त्यांनी विचारावा. रस्त्यावरील त्या काही सेकंदांत दोष कोणाचा हे ठरवीत बसण्यास अवसर नसतो. पेडल अडकलेले असो वा पाय चुकलेला असो, पाय उचलून ब्रेकवर घेणे, ब्रेक दाबून धरणे आणि न्यूट्रल करणे हा क्रम दोन्ही वेळी उपयोगी पडतो. तो प्रत्येक चालकाच्या हातापायांत मुरलेला असावा, आणि त्यानंतरचा न्याय धीराने केलेल्या तपासणीवर सोपवावा.