टाकीतलं पाणी, तळ्यातलं पाणी

१. आपण दिवसाला किती पाणी सांडतो, हे आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहिल्याशिवाय कळत नाही. ओरेगनमधलं क्रेटर लेक बघायला आम्ही भाड्याची आरव्ही घेऊन निघालो. सोबत लातूरहून आलेले आई-बाबा. गाडीला तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासाची. पहिली रिकामी होते तशा बाकीच्या दोन भरत जातात, आणि भिंतीवरचे दिवे त्याचा हिशेब दाखवतात. नळ सोडून निवांत दाढी करणारा मी, त्या दिव्यांकडे शेअर बाजाराकडे बघावं तसा बघायला लागलो.

२. टंचाई बघितलेल्या माणसाला टाकीचं शास्त्र शिकवायला जाऊ नये. मी आईला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, तांदूळ धुतलेल्या पाण्यात खरकटी भांडी विसळली, आणि ओटा ओल्या फडक्याने पुसून घेतला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा ती तिथे होती; मी इथे अमेरिकेत, शॉवर घेऊन, त्याची बातमी बघत होतो. स्वयंपाकघर तिच्या हाती गेलं आणि दिवा जागचा हलेना.

३. मोठं काही समोर आलं की घरची माणसं त्याला आपल्याकडचं माप लावतात. त्यात कमीपणा वाटायचा मला. आता वाटत नाही. तळ्याच्या कड्यावर उभं राहून बाबा म्हणाले, "हे तर आपलं लोणारच की." मी लगेच मास्तर झालो. लोणार उल्का आदळून झालं. इथे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी मझामा नावाचा ज्वालामुखी पोटातलं सगळं ओकून आतल्या आत कोसळला. इथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांच्या पूर्वजांनी ते पाहिलं, त्यांच्याकडे त्याच्या कथा आहेत. "ते असू दे," बाबा म्हणाले, "पाणी कुठून यायलंय, ते सांग."

नेमका मुद्द्याचा प्रश्न! या तळ्याला एकही नदी येऊन मिळत नाही, एकही बाहेर पडत नाही. वरून पडतो तो पाऊस आणि बर्फ. उन्हाने उडतं आणि जमिनीत मुरतं तेवढंच वरून येतं, म्हणून पातळी टिकून आहे. अमेरिकेतलं हे सगळ्यात खोल तळं, ५९२ मीटर, आणि भरायला काही शतकं लागली. निळा रंग मी फोटोंत पाहिला होता. जमाखर्चाची ही गोष्ट मात्र फोटोत येत नाही.

४. दिसणारं पाणी आणि हाताला लागणारं पाणी यांत एक उतार असतो. काठापर्यंत जायला क्लीटवुड कोव्हची एकच पायवाट होती. खाली सातशे फूट, परत तेवढीच चढण. बाबांच्या गुडघ्यांनी नकार दिला. "जाऊन करणार काय, हंडा आणलाय का?" मी एकटा गेलो, पाण्यात पाय बुडवले, आणि वर येताना आजीच्या वयाच्या बाईंनी मला मागे टाकलं.

५. भरलेल्या दोन टाक्या जिथे आपल्या हाताने रिकाम्या करायच्या, त्या डंप स्टेशनवर कुणाचाच हुद्दा चालत नाही. एवढंच पुरे.

६. निघताना मी म्हटलं, टाकी अर्धीच भरू. लिटरला किलोभर वजन, घाटात पेट्रोल उगाच जास्त लागतं. आईने नळी माझ्या हातातून घेतली. "पाण्याचं ओझं तू मला सांगायलास का?" टाकी काठोकाठ भरली.