खिशातला चाकू पारखताना

१. पातं आधी बघू नये. दुकान ब्राउनश्वाइगचं असो की पुण्याचं, विक्रेता चाकू उघडून पात्याची चमकच दाखवतो. मी तो मिटलेलाच मागून घेतो आणि उजेडासमोर धरतो. पातं मधोमध बसलंय का? एका अंगाला टेकत असेल, तर दर उघडमीटीला बाजूच्या पट्टीवर घासत राहणार. पाठीची स्प्रिंग आणि पट्टी यांच्यामधून उजेड दिसला, तर त्या फटीत फळाचा रस आणि खिशातला कचरा जाऊन बसणार. असा चाकू मी उघडूनही बघत नाही.

२. मग पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. मूठ, पट्टी, स्प्रिंग एका पातळीत असली, तर ते कुठे अडकत नाही. जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था ब्राउनश्वाइगातच आहे, तिथली अणुघड्याळं देशाची वेळ ठरवतात. तिथल्या कुणाला माझं हे नखमापन सांगायची सोय नाही! दुकानात मात्र ते पुरतं. बिनखटक्याच्या चाकूत हीच परीक्षा मिटलेल्या, अर्ध्या आणि पूर्ण उघड्या अशा तिन्ही स्थितींत घ्यावी. तिन्ही वेळा पाठ सपाट राहिली, तर स्प्रिंग आणि पात्याचं बूड कुणीतरी निगुतीने घासून जुळवलंय. महाग चाकूचे पैसे मी या कामाचे देतो.

३. आता पात्याची पाठ चिमटीत धरून हलवा. आडवं किंचित हललं आणि सांध्याला स्क्रू असला, तर तो आवळता येतो. रिव्हेट असेल, तर घरी फारसं काही होत नाही. खटका बसल्यावरही पातं वर-खाली हलत असेल, तर चाकू परत द्यावा.

४. पोलादाची चर्चा लोक फार करतात. चाकूंसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या ‘झोलिंगेन’चं नाव १९३८पासून कायद्याने संरक्षित आहे. ते गावाची हमी देतं, हातातला नग नीट जुळवलाय याची नाही. कार्बन पोलादाला धार सुरेख येते, पण लिंबू किंवा कैरी कापून न पुसता ठेवलं की डाग पडतात. स्विस व्हिक्टोरिनॉक्स चाकूंचं पोलाद रॉकवेल मापावर ५६च्या आसपास, म्हणजे फार कठीण नाही. म्हणूनच साध्या दगडावर त्याला झटकन धार लागते. ओपिनेल या फ्रेंच चाकूची लाकडी मूठ पावसाळी हवेत फुगते आणि पातं आत अडकून बसतं. तरी तो मला आवडतो. १९५५मध्ये त्याला फिरती कडी आली; इतक्या कमी भागांत पातं अडवणारी दुसरी रचना मला तरी माहीत नाही.

५. जर्मनीत डिझाइनमध्ये कायदाही डोकावतो. एका हाताने उघडणारा आणि खटका बसणारा चाकू २००८पासून सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. त्यामुळे दोन हातांनी उघडायच्या चाकूत पात्यावरची नखाची खाच महत्त्वाची. डिसेंबरात ओकर नदीकाठी गारठलेल्या बोटांनी ती सापडते का, एवढंच मी बघतो. उथळ खाचेवर नख तुटतं. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीपासून लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकू सहज हाताशी येईल असा ठेवायलाही बंदी आहे. बर्लिनला जाताना सफरचंदाच्या फोडी मी घरूनच करून नेतो.