मुलांच्या हातांसाठी संग्रहालय

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे व ‘हात लावू नये’ अशी पाटी डोळ्यांपुढे येते. केवळ मुलांसाठी असे पहिले संग्रहालय अमेरिकेत ब्रुकलिन येथे १८९९ साली निघाले. त्याच देशातील बोस्टनच्या बालसंग्रहालयात मायकेल स्पॉक यांनी १९६२ नंतर वस्तू कपाटांबाहेर काढून मुलांच्या हाती दिल्या. मुंबईत १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात नेहरू विज्ञान केंद्राचे विज्ञान उद्यान खुले झाले.

जिल्ह्याच्या गावी असे संग्रहालय उभारताना इमारतीपूर्वी मुलाने काय करावयाचे ते ठरवावे. विहिरीवरील कप्पी त्याच्या परिचयाची असते. तेच ओझे प्रथम स्थिर कप्पीने, मग चल कप्पीने उचलू द्यावे. दुसऱ्या वेळी जोर सुमारे निम्मा लागतो. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. हा नियम हातालाच उमगतो.

वापराने दोर झिजणार, खिळे निखळणार. म्हणून दुरुस्तीची कर्मशाळा व एक कुशल कारागीर यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी. दूरच्या खेड्यातून आलेल्या मुलाला कदाचित ती एकच भेट लाभते; त्या दिवशी यंत्र चालू असलेच पाहिजे.