बापाची चाल आणि पोराची चाल

बाजाराची वाट आहे. बाप पुढे चालला आहे. सात वर्षांचा मुलगा मागून येतो आहे. तो चालत नाही, निम्मी वाट पळतोच आहे. बाप मागे वळून म्हणतो, "एवढ्यात दमलास? काल तर दिवसभर उड्या मारत होतास!"

बापाचे म्हणणे खोटे नाही. मग मुलगा आज का दमला?

आपण नाडी मोजून पाहू. घड्याळ समोर ठेवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ७० ते ८० वेळा उडते. सात वर्षांच्या मुलाची ९० च्या आसपास भरते. मुलाचे हृदय लहान, एका ठोक्याला रक्त थोडे. तांब्या लहान असला की रांजण भरायला खेपा जास्त पडतात, तसेच हे. श्वासही मुलाचा भराभर चालतो. त्यात पाऊल आखूड. वजनाच्या मानाने पाहिले तर तेवढ्याच वाटेला मुलाची शक्ती बापापेक्षा जास्त खर्च होते.

आणि कालच्या उड्या? मुलांचा खेळ नीट पाहा. पळतात, थांबतात, मातीत बसतात, पुन्हा पळतात. जोरात पळाल्यावर आपले पाय जड होतात, दम लवकर जिरत नाही. पोर मात्र दोन मिनिटांत ताजेतवाने! थांबत थांबत मूल दिवसभर खेळेल. न थांबता बापाच्या चालीने चालणे, हे वेगळे काम आहे.

आता उन्हाची गोष्ट. ती आम्ही फार उशिरा शिकलो.

आम्ही हेडमास्तर होतो. महाराष्ट्र दिनाच्या कवायतीचा सराव चालला होता. एप्रिलचे ऊन, वेळ अकराची. आम्हीही उन्हातच उभे होतो. आम्हाला काही होत नाही, तर या पोरांना काय होणार, असे आम्ही समजत होतो. चौथीतला एक मुलगा खाली बसला. आम्ही ओरडलो, "ढोंग पुरे, ऊठ!" तो उठला, आणि आडवा पडला. मग मात्र धावपळ झाली. सावलीत नेले, कपडे ओले केले, वारा घातला. शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी दिले, दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. संध्याकाळी त्याची आई आली. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, त्याला पाणी कधी दिलं होतं?"

आम्ही काय सांगणार? दिलेच नव्हते.

मुलाला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त. म्हणून हवा अंगापेक्षा गरम झाली की ती उष्णता मुलाच्या अंगात लवकर शिरते, आणि घाम कमी म्हणून लवकर निघत नाही. खेळाच्या नादात मूल पाणीही मागत नाही. दुसऱ्या दिवसापासून कवायत सकाळी सातला, आणि मधे पाण्याची सुट्टी. मूल उन्हात बरळू लागले किंवा बेशुद्ध झाले, तर अंग गार करीत लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

हाडांचेही तसेच. मुलाच्या हाडांची टोके वाढत असतात, ती कुर्चेची, म्हणजे मऊ असतात. मुलींची साधारण १४-१५ व्या वर्षापर्यंत, मुलांची १६-१७ व्या वर्षापर्यंत. रोज एकाच जागी ताण पडला तर ती दुखावतात. २००६ साली ओडिशात बुधिया सिंग नावाचा चार वर्षांचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावला. सुमारे सात तास! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तिथल्या सरकारने त्याचे असे लांब धावणे बंद केले. आम्हाला ते योग्य वाटले. मुलाने पळावे, खूप पळावे. पण थांबायचे केव्हा, ते त्याच्या अंगाने ठरवावे.

बाजाराच्या वाटेवर चिंच आहे. बाप तिथे टेकला. मुलगाही बसला, पाणी प्यायला. बाप अजून घाम पुसतो आहे, तोवर मुलगा उठून चिंचेवर दगड मारू लागलासुद्धा.