अफवा कोणावर बसते?



१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार भरला होता. तेथे जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले होते. त्यांच्यापैकी एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त झाले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारण्यात आले.

मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप त्याआधीच मोबाईलवर फिरत होते. त्या वर्षी देशभर पसरलेली एक चित्रफीत तर कराचीची होती. पालकांनी मुलांना जपावे म्हणून तेथील संस्थेने ती केली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात व शेवटी परत आणून देतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला.

पण सगळा दोष मोबाईलला देऊन आपण मोकळे होत नाही. ‘बँकेचे साहेब मुले पळवतात’ असा निरोप आला असता तर आपण हसलो असतो, पुढे धाडला नसता. अशा निरोपात बहुधा कोणाचे नाव नसते. ती रिकामी जागा आपणच भरतो. झोळी, वेगळी बोली, पालातले बिऱ्हाड दिसले की संशय तेथेच जातो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण ती नजर राहिली. ज्यांची नावे त्या यादीत कधी नव्हती अशा भटक्यांवरही ती पडते.

राईनपाड्याला निर्दयी म्हणणे सोपे आहे. हा आदिवासी पट्टा. इकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेथे पालांत राहतात. त्या गावांना तीच परकी! जळगाव-धुळ्यात बसून हे वाचणाऱ्या आपणही आपल्या दारी येणाऱ्या फिरस्त्याकडे कसे पाहतो?

आठव्या आज्ञेच्या शिकवणीत, पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा धरणे हेही पाप मानले आहे. निरोप पुढे पाठवणे ही तर नंतरची गोष्ट.

त्याच रात्री मालेगावात भिक्षेकरी कुटुंबातील पाच जणांना जमावाने घेरले. एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले, मग पोलीस पोहोचले. पाचही जण वाचले. त्यांत दोन वर्षांचे मूल होते.