लेंकरांची शाळा : दगडांच्या खोऱ्यांतील एक धडा

शास्त्रभाग : लूक २:४०-५२, मार्क १०:१३-१६

येशूच्या बाळपणाविषयीं शुभवर्तमानांत फार थोडें लिहिलें आहे. परंतु लूकानें दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं जें एक लहानसें वचन घातलें आहे तें बालशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनीं पुनः पुनः वाचावें. त्या मुलाची बुद्धि, त्याचें शरीर, देवाशीं त्याचा संबंध व शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं त्याचें वागणें, हीं चारही बरोबरच वाढीस लागलीं असें तो सांगतो. हें सर्व झालें तें नासरेथासारख्या खेड्यांत, एका सुताराच्या घरीं.

आमच्या मंडळ्यांत मात्र बालशाळा म्हटली कीं ह्या चारांपैकीं एकच गोष्ट लोकांच्या डोळ्यांपुढें येते. मीं एकदां एका खेड्यांतील बालवर्ग पाहिला. तीन-चार वर्षांचीं वीसएक मुलें हाताची घडी घालून भिंतीशीं बसलीं होतीं व दहा आज्ञा घडाघडा म्हणत होतीं. व्यभिचाराविषयींची आज्ञा तर त्यांनीं सर्वांत मोठ्यानें म्हटली! पाहुणे संतुष्ट झाले. परंतु एका पोराचे डोळे आले होते व ते कोणीं धुतले नव्हते. मागें एक मुलगी पेंगत होती, तिला वारंवार हालवून जागें करण्यांत येत होतें. बहुधा ती उपाशी असावी. तिच्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं; आणि मीही विचारलें नाहीं, हें मला कबूल केलें पाहिजे.

ह्या संबंधानें योहान फ्रीडरिख ओबरलिन ह्या पाळकांचें उदाहरण आमच्या उपदेशकांस उपयोगी पडेल. त्यांचा जन्म १७४० सालीं स्ट्रासबुर्ग शहरीं झाला. १७६७ सालीं ते आल्सास प्रांतांतील वाल्डर्सबाख गांवीं पाळक होऊन गेले, व १८२६ सालीं देहावसान होईपर्यंत तेथेंच राहिले. हा मुलूख व्होज डोंगरांत आहे. त्याच्या जर्मन नांवाचा अर्थच मुळीं दगडांचें खोरें असा आहे, ह्यावरून तेथील शेतीची कल्पना येईल. पाळकांकडे पांच खेडीं होतीं. रस्ता धड नव्हता, हिंवाळा मोठा कडक, आणि पोटापुरतें धान्य पिकण्याची मारामार. ओबरलिन ह्यांनीं स्वतः कुदळ हातीं घेऊन लोकांबरोबर रस्ता केला, नदीवर पूल बांधला.

बालशाळेची कल्पना मात्र प्रथम पाळकांच्या डोक्यांतून निघाली नाहीं, हें विशेष आहे. बेलमाँ ह्या खेड्यांत सारा बान्झे नांवाची एक तरुण मुलगी होती. ती शेजारच्या मुलांना घरीं जमवून सुयांवर लोकर विणावयास शिकवीत असे. तिला त्याबद्दल कोणी कांहीं देत नसे, व तिच्या बापास हा सर्व वेळेचा नाश वाटे. १७६९ सालीं ओबरलिन ह्यांस हें कळलें. त्यांनीं बापाची भेट घेतली, मुलीला वेतन ठरवून दिलें, आणि तेंच काम मंडळीचें काम केलें.

त्या बापाला कोणी दोष देईल. मला तसें वाटत नाहीं. गरिबाच्या घरीं तरुण मुलीचे दोन हात म्हणजे दोन भाकरी. पाळकांनीं त्याला स्वार्थत्यागावर उपदेश केला नाहीं, पैसे दिले. आमचे बालवर्ग बंद पडतात ते बहुतकरून ह्याच ठिकाणीं. मंडळी एखाद्या विधवेला किंवा सातवी शिकलेल्या सुनेला सांगते, "बाई, ही देवाची सेवा आहे," आणि खुरपणीचे दिवस आले कीं ती बाई मजुरीस जाते. तिनें दुसरें काय करावें?

सारा १७७४ सालीं, तिशीच्या आंतच वारली. परंतु तोंवर इतर खेड्यांतही अशा खोल्या निघाल्या होत्या. पुढें बेलफॉस गांवची लुइझ शेपलर ही मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षीं पाळकांच्या घरीं कामास आली व जन्मभर ह्या शाळांत राबली. १७८३ सालीं ओबरलिनबाई वारल्या, तेव्हां त्यांचीं सात मुलेंही तिनेंच सांभाळलीं. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला सदाचरणाबद्दलचें पांच हजार फ्रँकांचें पारितोषिक दिलें.

त्या खोल्यांत काय चालत असे? खोली शेकोटीनें ऊबदार ठेवीत. अगदीं लहान मुलें खेळत. जरा मोठीं असत तीं विणत, आणि शिक्षिका गोष्ट सांगे. ती चित्रें दाखवी: कांहीं पवित्र शास्त्रांतील प्रसंगांचीं, कांहीं पशूंचीं व झाडांचीं. नकाशेही असत, आणि त्यांतला पहिला नकाशा त्यांच्याच खोऱ्याचा. हवा चांगली असली म्हणजे मुलांना बाहेर नेऊन वनस्पतींचीं नांवें शिकवीत. मध्यंतरीं गाणें होई. येथें चारही प्रकारची वाढ आहे, परंतु तिचे चार निरनिराळे तास पाडलेले नाहींत.

हेंच आपल्या ओसरीवर कसें होईल तें पाहा. सुपांत ज्वारी, तूर व हरभरा एकत्र करून मुलांपुढें ठेवा व निवडावयास सांगा. दाणा चिमटींत धरतांना बोटांस वळण लागतें. हीच बोटें पुढें लेखणी धरतील. वेगळें व सारखें हें डोळ्यांस कळतें, आणि गणिताचा आरंभ तेथेंच आहे. सूप एक व मुलें चार, म्हणून थांबावें लागतें, सरकून घ्यावें लागतें. मग शिक्षिका विचारते, "हा दाणा कोणीं पिकविला?" "माझ्या बानें." "आणि पाऊस?" येथें देवाचें नांव आपोआप येतें व मुलाच्या ध्यानांत राहतें. एवढें मात्र लक्षांत ठेवा कीं दाणा नाकांत किंवा कानांत घालण्याची मुलांस मोठी हौस असते. अगदीं लहानांस चिखलाचे गोळे करावयास द्यावे.

दोन बाबतींत मी ओबरलिन ह्यांचें अनुकरण करूं नका असें म्हणेन. मुलांनीं घरची बोली सोडून शुद्ध फ्रेंच बोलावें असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे घरीं भिली, वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशीं पुस्तकी मराठी बोलावयास लावलें तर तें मुकें होतें. प्रथम घरच्या भाषेंत गोष्ट, मग हळूहळू मराठी. दुसरें असें कीं, विणण्यांत पुढें कमाईचा हेतूही होता. त्या उपाशी खोऱ्यांत तें समजण्यासारखें आहे. पण आज आपण चार वर्षांच्या हातांकडून मिळकतीची अपेक्षा करूं नये.

ह्या विचाराचे आपल्या देशांतही पाईक झाले आहेत. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत असतां फ्रोबेलच्या बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला व १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं काम आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा बेत होता. १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या निघाल्या आहेत. जेथें ती नीट चालते तेथें मंडळीनें निराळी शाळा काढण्याची घाई करूं नये. तिच्या सेविकेस हातभार लावावा.

एक गोष्ट राहिली. आई उसाच्या फडावर किंवा निंदणीस गेली म्हणजे धाकट्याला कडेवर कोण घेतें? आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणून बालवर्गाचा पट करतांना धाकट्यांच्या नांवापुढें थोरल्या बहिणीचेंही नांव लिहावें, आणि ती त्या दिवशीं आपल्या शाळेंत गेली कीं नाहीं, तें रोज विचारावें.

पुढील रविवारीं मार्काचा भाग आयांबरोबर वाचावा व विचारावें : येशूनें त्या मुलांची परीक्षा घेतली काय? त्यांस काय पाठ येतें असें विचारलें काय? त्यानें काय केलें? उपदेशकानें स्वतः उत्तर देऊं नये. एखादी आई बोलेपर्यंत थांबावें.