गोल लिहिताना

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनू,


बीसीबीए, म्हणजे प्रमाणित वर्तन-विश्लेषक, झालीस, पहिली केस हाती आली आणि लगेच तू माझ्याकडे ट्रीटमेंट प्लॅनचा नमुना मागितलास. तो मी पाठवणार नाही. नमुन्यातले गोल उचलले की सगळी मुलं कागदावर सारखीच दिसतात आणि विमा कंपनीच्या रिव्ह्यूअरला ते पहिल्या पानावरच कळतं.

ऑटिझमच्या उपचाराचा खर्च विम्यातून मिळावा यासाठी या देशातल्या पालकांनी राज्याराज्यांत भांडून कायदे करून घेतले. इंडियानात २००१ मध्ये सुरुवात झाली आणि २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत तरतूद झाली. पण विमा कंपनी पैसे देते ते उपचाराचे, शिकवणीचे नव्हे. ‘रंग ओळखेल’, ‘वीसपर्यंत आकडे म्हणेल’ असं लिहिलंस, तर हे शाळेचं काम म्हणून ती हात वर करणार. संवाद, इतरांशी वागणं, अडवणारं किंवा इजा करणारं वर्तन, रोजची स्वतःची कामं यांपैकी मुलाचं कुठे अडतंय, ते गोलमध्ये दिसलं पाहिजे.

आता एक गोल नीट बघ. ‘संवादकौशल्य सुधारेल’ हे वाक्य कोणत्याही मुलाला लागू पडतं, म्हणजे कोणालाच लागू पडत नाही. त्याऐवजी असं लिही: ‘तहान लागली की मूल शब्दाने किंवा चित्राच्या कार्डाने, कोणी न सुचवता पाणी मागेल. आज १० पैकी १ वेळा मागतं. ३१ मार्चपर्यंत १० पैकी ८ वेळा, सलग ३ सत्रांत आणि किमान २ वेगवेगळ्या माणसांकडे.’ मुलाला कधीही न पाहिलेला माणूससुद्धा हे वाचून मोजू शकतो. आणि त्या दोन माणसांत घरातलं एक असू दे. आजी मराठीच बोलत असेल, तर क्लिनिकमध्ये ‘वॉटर’ म्हणणारं मूल घरी तिच्याकडे पाणी मागू शकतं का, हेही तपास. तिथेही मागितलं, तरच ते खरं शिकलं.

तासांचा हिशेब गोलमधूनच निघाला पाहिजे. मुलासोबतच्या थेट उपचाराचा ९७१५३ हा बिलिंग कोड पंधरा मिनिटांच्या युनिटमध्ये चालतो. आठवड्याला वीस तास म्हणजे ८० युनिट, सहा महिन्यांच्या ऑथरायझेशनला २,०८०. एवढे मागून चारच गोल लिहिलेस, तर तास कापले जातील आणि त्याबद्दल तक्रार करायला तोंड उरणार नाही. ९७१५६ म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. ‘पालक सहभागी होतील’ एवढ्यावर ते उरकू नकोस. आईने काय करायचं आणि ते किती वेळा जमलं, हे मुलाच्या गोलइतक्याच काटेकोरपणे लिही. तास कधी आणि कशाच्या आधारावर कमी करणार, तेही पहिल्याच प्लॅनमध्ये असू दे.

सहा महिन्यांनी एखादा गोल गाठला गेला नाही, तर आकडे गोंजारू नकोस. का अडलं आणि त्यावर तू काय बदललंस, ते लिही. न हललेला आलेख रिव्ह्यूअरला चालतो. त्याच्याखाली जुनीच पद्धत पुन्हा लिहिलेली चालत नाही. तरीही नकार आला तर पीअर-टू-पीअर, म्हणजे कंपनीच्या तज्ज्ञाशी फोनवर थेट बोलणं, मागून घे. त्या फोनवर भावना नको, बेसलाइन आणि आजचा आकडा एवढंच सांग.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जे सहज मोजता येतं ते गरजेचं असतंच असं नाही. ‘पाच सेकंद डोळ्यांत बघेल’ हा गोल मोजायला सोपा आहे आणि पूर्वी तो सर्रास लिहिला जायचा. पण नजरेला नजर देणं किती त्रासाचं होतं, हे मोठे झालेले ऑटिस्टिक लोक स्वतः सांगताहेत. हात हलवणं थांबवण्याचंही तसंच: त्याने कोणाला इजा होत नसेल, तर तो गोल होऊच शकत नाही. आधी घरच्यांना विचार की सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे अडतं, आणि मूल सांगू शकत असेल तर त्यालाही विचार. त्यातून गोल निवड आणि मगच त्याला आकडे लाव. विम्याचा फॉर्म समोर ठेवून मूल शोधायला बसू नकोस.

मसुदा झाला की आधी मुलाच्या आईला वाचून दाखव. तिला समजला नाही, तर तो पाठवायच्या लायकीचा झालेला नाही.

तुझी,
मावशी